पंचवीस अक्षरांची गळती आणि वरच्या सुराचा प्रकाश

तार्नाक्याहून उप्पलकडे जाताना हबशीगुड्याला 'सीसीएमबी' अशी पाटी दिसते. आपल्यापैकी कितीतरी जण रोज त्या पाटीवरून पुढे जातात. पूर्ण नाव 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी', म्हणजे पेशी आणि रेणू यांच्या पातळीवर जीवशास्त्राचा अभ्यास करणारे केंद्र. १९७७ साली सुरू झालेल्या या संस्थेत नेमके काय चालते असे विचारले, तर मोठी माणसेही 'डीएनए वगैरे' असे म्हणून थांबतात. या लेखात त्या 'वगैरे'मधला एक भाग उलगडून पाहू. त्याच्या जोडीने प्रकाशाच्या एका विलक्षण गुणाविषयीही लिहिणार आहे. दोन्ही विषय एकमेकांपासून दूरचे वाटतील, पण हृदयाच्या स्नायूपाशी त्यांची गाठ पडते. तेव्हा थोडा धीर धरावा.

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनएचा एक लांबलचक मजकूर असतो. त्यात अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी. एका संचात अशी सुमारे ३१० कोटी अक्षरे असतात आणि आपल्याला दोन संच मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. हा सगळा मजकूर म्हणजे 'जीनोम'. मानवी जीनोम वाचण्याचा पहिला मोठा प्रकल्प १९९० ते २००३ असा तेरा वर्षे चालला आणि त्याला अब्जावधी डॉलर लागले. त्यातही काही जागा कोऱ्या राहिल्या होत्या. त्या भरून पूर्ण मजकूर २०२२ साली प्रसिद्ध झाला. आज एका माणसाचा जीनोम हजार डॉलरच्या आत वाचता येतो. वाचणे स्वस्त झाले. वाचलेल्याचा अर्थ लावणे मात्र अजूनही अवघडच आहे. पुढची हकिगत त्याचीच आहे.

मैदानावर खेळता खेळता एखादा धडधाकट तरुण खेळाडू कोसळतो आणि जातो, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. अशा मृत्यूंची कारणे अनेक असतात. त्यांतले एक म्हणजे हृदयाच्या स्नायूची भिंत, रक्तदाबासारखे दुसरे कारण नसताना, जाड होत जाणे. डॉक्टर याला 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी' म्हणतात. आपण सोयीसाठी 'जाड हृदयस्नायूचा विकार' म्हणू. मोठ्या माणसांत साधारण ५०० जणांमागे एकाला तो असतो. पुष्कळांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींना धाप लागते, छातीत दुखते, चक्कर येते. थोड्यांच्या बाबतीत मात्र पहिली खूण हीच शेवटची ठरते. हा विकार बऱ्याच घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, म्हणजे त्याचे मूळ जनुकांत आहे.

हृदयाच्या स्नायूत मायोसिन नावाच्या प्रथिनाचे जाड तंतू असतात. ते शेजारच्या बारीक तंतूंना ओढतात आणि त्यामुळे स्नायू आकसतो. या जाड तंतूंना ठरावीक अंतरावर आवळून धरणारे आणखी एक प्रथिन आहे. ते बनवणाऱ्या जनुकाचे नाव 'एमवायबीपीसी-३'. २००९ साली सीसीएमबी आणि तिच्या सहकारी संस्थांतील संशोधकांनी 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना भारतीय लोकांत या जनुकातील सलग २५ अक्षरे गळालेली आढळली. ज्यांच्यात ही गळती होती, त्यांना हृदयस्नायूच्या विकाराचा धोका इतरांच्या जवळजवळ सातपट दिसत होता. भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत ती असते, हेही त्यांनी दाखवले.

गंमत अशी की ही २५ अक्षरे प्रथिनाच्या प्रत्यक्ष मजकुरातली नव्हेत. आपल्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाची संहिता आठवा. तिच्यात संवाद असतात आणि मधूनमधून कंसात रंगसूचना असतात. रंगसूचना कोणी मोठ्याने म्हणत नाही, पण कोणी केव्हा बोलायचे हे त्यांवरून कळते. जनुकातही असेच असते. काही भाग संवादासारखे प्रथिनात उतरतात, मधले भाग सूचनांसारखे असून पुढे गाळले जातात. या जनुकात गळती झाली आहे ती अशा मधल्या, बत्तिसाव्या भागात. 'पुढचा संवाद येथून सुरू' ही खूणच पुसली जाते आणि नट पुढचा संपूर्ण परिच्छेद खातो. परिणामी प्रथिनाच्या शेपटाकडचा, जाड तंतूला पकडून ठेवणारा भाग बिघडतो.

आता थोडे गणित करू. ४ टक्के म्हणजे २५ जणांत एक. ५० मुलांच्या वर्गात सरासरी दोघे. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर ५ कोटी ६० लाख लोक! हा आकडा २००९ साली वर्तमानपत्रांत आला तेव्हा पुष्कळांच्या पोटात गोळा आला आणि ते स्वाभाविक होते. पण दुसरे गणितही करून पाहावे. एक हजार प्रौढांच्या वस्तीत ही गळती असलेले सुमारे ४० जण असतील. जाड हृदयस्नायूचा विकार त्या हजारांत कोणाला असेल? ५०० मागे एक, म्हणजे दोघांना. ते दोघेही त्या ४० मधलेच आहेत असे गृहीत धरले, तरी उरलेल्या ३८ जणांना तो विकार नाही. मग गळती हे कारण म्हणायचे की नाही? ही शंका शास्त्रज्ञांनाही आली.

उत्तर मिळायला अकरा वर्षे लागली. २०१८ साली अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांवरील एका अभ्यासात असे दिसले, की गळती असलेल्यांपैकी काहींच्या त्याच जनुकात दुसराही एक बदल असतो. २०२० साली आणखी एका, अनेक देशांतील संशोधकांनी मिळून केलेल्या अभ्यासाने या विकाराबद्दलचे चित्र पालटले. त्या अभ्यासात असे आढळले, की गळती असलेल्यांपैकी थोड्यांच्याच डीएनएच्या त्याच धाग्यावर, गळतीपासून काही अंतरावर, एका अक्षराचा एक वेगळा बदल असतो आणि विकाराचा धोका त्या बदलामुळे येतो. एका ऑटोरिक्षात दोघे बसलेत, त्यांतला एक खिसेकापू आणि दुसरा साधा प्रवासी. पोलिसांनी रिक्षाचा नंबर टिपून ठेवला आणि दोघांवर संशय घेतला, असा तो प्रकार. ज्यांच्यात केवळ २५ अक्षरांची गळती आहे आणि दुसरा बदल नाही, अशा बहुसंख्य लोकांना या विशिष्ट विकाराचा वेगळा धोका त्या अभ्यासात दिसला नाही. उतारवयात हृदय दुबळे होण्याशी गळतीचा संबंध किती, यावर मात्र अजून मतभेद आहेत.

म्हणून २००९चे काम चुकीचे होते असे कोणी समजू नये. भारतीयांचा जीनोम भारतीयांतच तपासला पाहिजे, हे त्या कामाने दाखवून दिले. युरोपीय लोकांत ही गळती जवळजवळ आढळतच नाही. तिकडच्या याद्या पाहून ती कधीच सापडली नसती. रिक्षाचा नंबर मिळाला नसता तर खिसेकापूही सापडला नसता.

याच संस्थेचे दुसरे एक काम पालकांनी आवर्जून समजून घेण्यासारखे आहे. २०१७ साली सीसीएमबी आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील संशोधकांनी दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजगटांचा अभ्यास केला. त्यांतल्या ८१ गटांत असे दिसले, की गट मुळात थोड्या पूर्वजांपासून वाढला आणि पुढे शतकानुशतके आपापसांतच लग्ने होत राहिली. अशा गटात एखाद्या पूर्वजाचा दुर्मीळ दोष पुष्कळ वंशजांत पसरतो. आई आणि वडील दोघांकडूनही तोच दोष मुलाकडे आला की आजार उघड होतो. आपल्या तेलंगण-आंध्रातील वैश्य समाजाचे उदाहरण डॉक्टरांना चांगले परिचित आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे एक औषध सामान्यतः काही मिनिटांत शरीरात मोडून जाते. ते मोडणारे विकर या समाजातील काही लोकांत नसते आणि त्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत शंभरपट आहे. अशा रुग्णाचे स्नायू, श्वासाचे स्नायूसुद्धा, तासन्‌तास लुळे राहू शकतात. भूलतज्ज्ञाला आधी ठाऊक असले की तो दुसरे औषध वापरतो, आणि प्रश्न मिटतो.

मामाची मुलगी करून आणण्याची चाल महाराष्ट्रात आहे, तशी तेलंगणातही आहे. त्यामुळे आपल्या कुटुंबांना हा विषय परका नाही. यात कोणत्याही जातीला किंवा चालीरीतीला कमी लेखण्याचा हेतू नाही. प्रत्येक समाजाच्या पोतडीत असे काही ना काही असतेच. एवढेच, की ते काय आहे हे माहीत असावे. त्यासाठीच २०२० साली केंद्र सरकारने 'जीनोम इंडिया' प्रकल्प हाती घेतला. वीस संस्थांनी मिळून ८३ समाजगटांतील सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो साठा संशोधकांसाठी खुला झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात एकंदर १८ कोटी बदलांची नोंद आहे. यांतले बहुसंख्य निरुपद्रवी असणार. कोणते तसे नाहीत, हे शोधण्यात आज शाळेत असलेल्या मुलांची अर्धी कारकीर्द जाईल.

आता प्रकाशाकडे वळू. बासरी वाजवणाऱ्या मुलांना एक गोष्ट माहीत असते. बोटे त्याच छिद्रांवर ठेवून फुंकर हळू मारली तर मध्य सप्तकातला सूर निघतो आणि जोरात मारली तर तोच सूर तार सप्तकात जातो. तार सप्तकातला सा म्हणजे मध्य सा-च्या दुप्पट वारंवारिता. फुंकर वाढवली की नुसता आवाज मोठा व्हायला हवा होता, पण येथे सूरच बदलला. कारण आणि परिणाम एकाच पटीत न वाढता असे काही भलतेच घडले, की भौतिकशास्त्रज्ञ त्याला 'अरेखीय' म्हणतात. आलेखावर सरळ रेषा येत नाही, म्हणून अरेखीय.

प्रकाशाच्या बाबतीत आपण रोज जे पाहतो ते सारे रेखीय असते. लाल प्रकाश काचेतून गेला तर लालच बाहेर येतो. फार तर मंद होतो. सूर्यप्रकाशाने किंवा दिव्याने कितीही फुंकर घातली तरी पदार्थ तार सप्तकात जात नाही, कारण ती फुंकर फारच दुबळी असते. १९६० साली लेसरचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा लाल प्रकाश क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून पाठवला. त्या प्रकाशाची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर होती. बाहेर पडलेल्या प्रकाशात ३४७ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाशही किंचित मिळाला. तरंगलांबी निम्मी, म्हणजे वारंवारिता दुप्पट. छायाचित्राच्या फिल्मवर त्याचा एक बारीकसा ठिपका उमटला होता. निबंध छापताना कोणाला तरी तो धुळीचा डाग वाटला आणि त्याने तो पुसून टाकला! छापील पानावर बाण आहे, पण बाणापुढे काहीच नाही. मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

या वरच्या सुराचा प्रकाश तुम्ही पाहिलेला आहे. जत्रेत मिळणाऱ्या हिरव्या लेसर टॉर्चमध्ये बहुधा आत १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश तयार होतो आणि एक छोटा स्फटिक त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश करतो. सगळा अवरक्त प्रकाश काही बदलत नाही. उरलेला अडवण्यासाठी गाळणी लागते, आणि स्वस्त मालात तीच वाचवलेली असते. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने असाच एक टॉर्च तपासला, तेव्हा त्यातून हिरव्या प्रकाशाबरोबर धोकादायक प्रमाणात अवरक्त प्रकाशही बाहेर पडत होता. तो दिसत नाही, त्यामुळे डोळा मिटत नाही आणि पडद्याला इजा होते. पालकांनी असली खेळणी मुलांच्या हाती देऊ नयेत.

वरचा सूर निघायला आणखी एक अट आहे. लेझीम पथकात सगळ्यांनी एकाच बाजूला पाऊल टाकले तर ते लांबूनही उठून दिसते. निम्म्यांनी उजवीकडे आणि निम्म्यांनी डावीकडे टाकले तर एकंदर हालचाल शून्य. रेणूंचेही तसेच आहे. पाण्यात किंवा साध्या काचेत रेणू वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे त्यांच्या वरच्या सुराच्या लहरी एकमेकींना खोडून टाकतात. जिथे रेणू एका दिशेने शिस्तीत मांडलेले असतात तिथेच दुप्पट वारंवारितेचा प्रकाश टिकतो. आपल्या शरीरात अशी शिस्त फार थोड्या ठिकाणी आहे. एक म्हणजे कोलॅजेन, त्वचा आणि स्नायुबंध यांना बळकटी देणारे प्रथिन. त्याची तीन पेडांची रचना १९५०च्या दशकात मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली, हे येथे सांगायला हवे. आणि दुसरे, आपल्या हृदयातले ते मायोसिनचे जाड तंतू!

आता गाठ कुठे पडते ते लक्षात आले असेल. अवरक्त लेसरचा झोत सूक्ष्मदर्शकातून ऊतीवर टाकला तर पेशींतले पाणी, चरबी वगैरे अंधारात राहतात. कोलॅजेन आणि मायोसिन तेवढे दुप्पट वारंवारितेने उजळतात. कोणताही रंग घालावा लागत नाही. स्नायू पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीसारखा दिसतो आणि दोन पट्ट्यांमधले अंतर दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास असते.

यासाठी लागणारी 'फुंकर' ऊतीला जाळणार नाही का? याची युक्ती सुंदर आहे. लेसर सतत चालू ठेवायचाच नाही. एक स्पंद १०० फेम्टोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा हजार अब्जाव्या भागाएवढा, आणि सेकंदाला असे आठ कोटी स्पंद. हिशेब केला तर प्रकाश एकूण वेळेच्या सव्वा लाखाव्या भागापुरताच चालू असतो. सरासरी उष्णता थोडी, पण त्या क्षणाची तीव्रता सव्वा लाख पट. शिवाय वरचा सूर तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : प्रकाश दुप्पट तर सूर चौपट. त्यामुळे भिंगाने झोत जिथे एकवटतो त्या बिंदूपाशीच तो निघतो, मागेपुढे नाही. याच युक्तीचे एक भावंड, दोन प्रकाशकण एकदम शोषले जाण्याचे, मारिया ग्योपर्ट-मायर या तरुण संशोधिकेने १९३१ साली कागदावर मांडले होते. त्यावर चालणारा सूक्ष्मदर्शक अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९० साली तयार झाला. मध्ये जवळजवळ साठ वर्षे गेली.

२००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ३५० मायक्रॉन जाडीची, सुईसारखी दुर्बीण जिवंत माणसाच्या हाताच्या स्नायूत घालून हेच पट्टे आकसताना आणि सैल होताना पाहिले. हृदयात मात्र अशी सुई सहज घालता येत नाही, आणि ते धडधडतेही. म्हणून हृदयाच्या बाबतीत हे काम मुख्यतः शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांवर किंवा प्राण्यांच्या स्नायूंवर चालते. जाड हृदयस्नायूच्या विकारात दोन गोष्टी घडतात : स्नायूच्या तंतूंची रांग विस्कटते आणि मधे कोलॅजेनचे जाळे वाढते. रांग आणि कोलॅजेन, नेमक्या याच दोन गोष्टी हा प्रकाश दाखवतो. जीनोम सांगतो की संहितेत चूक आहे; त्या चुकीने प्रयोग कितपत बिघडला, ते प्रत्यक्ष पडदा वर करून पाहावे लागते. या विकारावर थेट मायोसिनला आवर घालणारे पहिले औषध अमेरिकेत २०२२ साली मंजूर झाले. अशी औषधे तंतूंवर काय परिणाम करतात हे जाणण्यासाठीही असे पाहणे उपयोगाचे आहे. आपल्या हैदराबाद विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अरेखीय प्रकाशविज्ञानावर बरेच काम होते, तेव्हा बारावीनंतर या वाटेला जाऊ इच्छिणाऱ्यांना घर सोडून लांब जावे लागेलच असे नाही.

काही पालक आता विचारतील, मुलांची जीनोम चाचणी करून घ्यावी का? वर सांगितलेली खिसेकापू आणि प्रवाशाची गोष्ट लक्षात घेता, कारण नसताना करून घेऊ नये असे माझे मत आहे. हाती एक कागद येईल आणि घरात धास्ती शिरेल. त्याऐवजी एक बिनखर्ची काम करावे. आजी-आजोबांना आणि आत्या-मामांना विचारावे, की आपल्या घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेले होते का, खेळताना किंवा धावताना कोणी बेशुद्ध पडले होते का. उत्तर 'हो' असेल, किंवा मुलाला स्वतःलाच पळताना चक्कर येत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाला दाखवून ईसीजी आणि इको करून घ्यावे. जनुक तपासायचे की नाही, हे ते पुढे सांगतील.

विश्वस्तांना एक सूचना आहे. वार्षिक क्रीडास्पर्धांच्या प्रवेश अर्जावर सध्या नाव, तुकडी, गट आणि पालकांची सही एवढेच रकाने आहेत. वरचे दोन प्रश्न त्यावर छापले तर अर्ध्या पानाच्या जागी पाऊण पान लागेल.